बोल्ट जोराने तुटतो, वेळेने सुटतो

मे महिन्यातली दुपार होती. सावद्यात बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडखाली माझी जुनी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिन तापत होतं. रोग सापडला होता, थर्मोस्टॅट अडकला होता. काम तसं किरकोळ. दोन बोल्ट काढायचे, ॲल्युमिनियमचं झाकण उचलायचं, नवा थर्मोस्टॅट बसवायचा आणि पाणी भरायचं. पहिला बोल्ट निघाला. दुसरा जागचा हलेना.

गॅरेजवाल्यांना सगळा गाव चाचा म्हणतो. त्यांनी बोल्टच्या डोक्यावर ब्रश मारला, बुडाशी ऑइल सोडलं, हातोडीने चार हलके ठोके दिले आणि पाना बाजूला ठेवला. म्हणाले, "आता याला राहू द्या. तासाभराने बघू." आणि ते जोहरच्या नमाजला निघून गेले.

मला रात्री भुसावळहून रेल्वे गाठायची होती. जाण्याआधी घरची दोन कामंही उरकायची होती. चाचांच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा काम करतो. मी त्याला म्हटलं, "अरे, पान्याला पाइप लाव ना. नुसतं बघत किती वेळ बसायचं?"

तो म्हणाला, "चाचांनी हात लावू नको म्हटलंय."

"मी सांगतो ना. गाडी माझी आहे."

त्याने पाइप लावला. बोल्ट फिरला तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो. पण पुढच्याच क्षणी पाना लोण्यासारखा मऊ चालला आणि बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. उरलेला दांडा आत तसाच रुतून बसला.

चाचा परत आले. त्यांनी एकदा इंजिनकडे पाहिलं, एकदा पाइपकडे. पोराला विचारलं, "कोणी सांगितलं?" पोराने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहत होतो. तो म्हणाला, "माझ्याकडून झालं." चाचा त्याला चार लोकांत बोलले. मी ऐकत उभा राहिलो.

हा लेख त्या बोल्टबद्दल आहे, आणि त्या माझ्या गप्प राहण्याबद्दलही. कारण या दोन्हींचा संबंध आहे, असं मला आता वाटतं.

बोल्ट जाम का होतो?

आपल्याला वाटतं बोल्ट 'घट्ट' बसलेला असतो. खरं म्हणजे तो चिकटलेला असतो. लोखंड गंजतं तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. बोल्टचे आटे आणि भोकाचे आटे यांच्यात मुळातच केसभर फट. तिथे गंज वाढला की तो दोन्हीकडे दाबत जातो. बाहेरून पाहिलं तर बोल्ट नवा वाटतो, आत मात्र पाचर ठोकलेली असते.

माझ्या गाडीत आणखी एक भानगड होती. बोल्ट पोलादाचा, झाकण आणि त्याखालचा भाग ॲल्युमिनियमचा. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट पाणी आलं की तिथे बारीकसा बॅटरी सेलच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. ती भुकटी आट्यांत सिमेंटासारखी बसते. आता हे खारट पाणी कुठून आलं? माझ्याच हातून. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात केळीला पाणी देता देता बोअर खोल खोल गेले. ते जड, क्षारांचं पाणी मी वर्षानुवर्षं बाटलीने रेडिएटरमध्ये ओतत आलो. कूलंटचे पैसे वाचवले. ते पैसे त्या दिवशी बोल्टने वसूल केले.

बोल्ट घट्ट करताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जातो. उरलेल्यातला बहुतेक आट्यांच्या घर्षणात जातो. दोन भाग एकमेकांना दाबून धरायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून चाचांनी आधी डोक्यावर ठोके दिले. त्यांना हे गणित कोणी फळ्यावर शिकवलेलं नाही. पण डोक्याखालची पकड सुटली की अर्धं काम होतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

आता माझ्या पाइपचं गणित पाहा. तेरा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुधा आठ मिलिमीटर जाडीचा असतो. नेहमीच्या दर्जाचा असा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटरने आवळतात. 33 च्या पुढे तो तुटण्याच्या वाटेला लागतो. एक फुटाच्या पान्यावर माणसाने 20 किलोचा जोर दिला तरी 60 न्यूटन-मीटर होतात. तीन फुटी पाइप लावला तर 180. म्हणजे तो बोल्ट तुटला यात नवल काहीच नव्हतं. पाइप लावला तेव्हाच त्याचा निकाल लागला होता.

सोडवायचा कसा?

चाचांकडून आणि त्यांच्यासारख्या दोन-तीन मिस्त्रींकडून मी जे पाहिलं, ते इथे लिहून ठेवतो. हे लिहिलेलं फारसं सापडत नाही.

आधी डोकं साफ करायचं. कडेला माती आणि गंज असेल तर पाना पूर्ण बसत नाही आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. बॉक्स पाना सहा कोपऱ्यांचा घ्यायचा, बारा कोपऱ्यांचा नाही. सहा कोपऱ्यांचा पाना बोल्टला बाजूंवर धरतो, बारा कोपऱ्यांचा टोकांवर. जुन्या जीपवर काम केलेले मिस्त्री हे जास्त जपतात. त्या जीपचे बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्याला तेराचा पाना चढतो. चढतो म्हणूनच घात करतो. 0.3 मिलिमीटरच्या त्या ढिलेपणाने किती डोकी गोल झाली असतील, देव जाणे.

मग ऑइल. स्प्रे असेल तर स्प्रे, नसेल तर घासलेट किंवा डिझेल. ते आट्यांत आपल्या वेगाने उतरतं, आपल्या घाईने नाही. जमलं तर रात्रभर ठेवायचं. अधूनमधून डोक्यावर सरळ, नेमके ठोके द्यायचे. ॲल्युमिनियम असेल तर हात राखून.

मग बोल्ट *आवळायच्या* दिशेने अगदी किंचित ढकलायचा. नवख्याला हे उलटं वाटतं. पण गंजाचं कवच कुठल्याही दिशेने तडकलं तरी चालतं. तडकलं की पाव आटा मागे, परत थोडा पुढे, परत ऑइल. पुढे-मागे करत तो बाहेर आणायचा. एका दमात ओढून काढायचा नाही.

एवढ्याने नाही भागलं तर उष्णता. इथेही लोक चुकतात. बोल्ट तापवायचा नसतो, त्याच्या भोवतीचा भाग तापवायचा असतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दहा मिलिमीटरचा बोल्ट असेल आणि सगळं 100 अंशांनी तापलं, तर भोक 0.023 मिलिमीटरने मोठं होतं आणि बोल्ट 0.012 ने. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका. पण तेवढ्यात आतली भुकटी फुटते. जुने मिस्त्री तापलेल्या बोल्टला मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मात्र ऑइल मारलेल्या जागी, पेट्रोलच्या नळीजवळ किंवा रबर-वायरीजवळ ज्योत न्यायची नाही. गाडीसह गॅरेज जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताने ऐकायचं. बोल्ट सुटतो तेव्हा 'टक्' असा कोरडा झटका येतो. बोल्ट तुटायला लागतो तेव्हा झटका येत नाही, पाना मऊ लागतो. तो मऊपणा कळला की त्याच क्षणी थांबायचं. मला आणि त्या पोराला ज्या क्षणी आनंद झाला, तो नेमका थांबायचा क्षण होता. चाचांचं मनगट तिथे आपोआप थांबलं असतं. हे मनगट तयार व्हायला तीस वर्षं लागली आहेत. त्याची किंमत कोणत्या बिलात येते?

सुट्या भागाला एमआरपी, मनगटाला घासाघीस

मुद्दा हा आहे. थर्मोस्टॅटच्या खोक्यावर छापलेली किंमत मी मुकाट्याने दिली. पण मजुरी ठरवताना मी सकाळीच चाचांशी घासाघीस करून शंभर रुपये कमी करून घेतले होते. म्हटलं होतं, "दोन बोल्टचं तर काम आहे." माझ्या डोक्यात कामाचा हिशोब दोन बोल्टचा होता. वाट पाहण्याचा तास त्यात नव्हताच. ज्या तासाचे पैसे मिळत नाहीत, तो तास गॅरेजवाला कुठून आणणार? एक तर गाड्यांची रांग लावून चार गाड्यांत तो वाटून घ्यायचा, नाही तर पाइप लावायचा.

मोठ्या शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आपण असं करतो का? तिथे कामाचे तास आधीच ठरलेले असतात. बिलावर मजुरी वेगळी छापलेली असते, वर 18 टक्के जीएसटी असतो. काचेच्या खोलीत बसून कॉफी पिता पिता आपण ते भरतो. तिथला जाम बोल्ट 'तांत्रिक अडचण' असते. पत्र्याच्या शेडखालचा जाम बोल्ट 'मिस्त्रीचा बहाणा' असतो. बोल्ट तोच, धातू तोच, गंज तोच. आपला भरवसा तेवढा वेगळा.

त्याच आठवड्यात एक केळी उत्पादक शेतकरी आपली पिकअप घेऊन चाचांकडे आले होते. "मले आजच पाह्यजे गाडी," म्हणून अडून बसले. त्यांचंही चुकत नव्हतं. कापलेला माल थांबत नाही, ऊन 45 अंशांवर, व्यापारी दर पाडायला टपलेलाच. प्रत्येकाच्या घाईला कारण असतं. पण ही सगळी घाई उतरत उतरत शेवटी ज्याच्या हातात पाना आहे, त्या सगळ्यात कमी पगाराच्या पोरापर्यंत येऊन थांबते. आणि बोल्ट तुटला की चूक त्याची ठरते. घाई मात्र कोणाच्याच नावावर लागत नाही.

उस्ताद, शागीर्द आणि कागद

गॅरेजचा धंदा आणि मुस्लिम समाज यांचं नातं सांगायला नको. नोव्हेंबर 2006 मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात ते आकड्यांनिशी आलं. मुस्लिम कामगारांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारावर होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण 55 टक्के होतं. वाहन दुरुस्ती हे ज्या कामांत मुस्लिमांचा सहभाग ठळक दिसला, त्यांपैकी एक. या अहवालाची चर्चा नोकऱ्या आणि आरक्षणाभोवती फिरली. या हातांमध्ये जे ज्ञान आहे त्याचं काय करायचं, यावर बोलणं कमीच झालं.

सरकारी रस्ता नाही असं नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी पास असावं लागतं. 1961 पासून शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा आहे. 2015 मध्ये कौशल्य विकास योजनेत काम करता करता शिकलेल्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. कल्पना चांगली आहे. पण काही तासांचं मार्गदर्शन आणि त्यानंतरची परीक्षा 'मऊ लागणारा पाना' ओळखणारं मनगट मोजू शकत नाही. ते मोजायचं तर परीक्षकाने एक खरोखर गंजलेलं इंजिन टेबलावर ठेवायला हवं आणि स्वतःचं घड्याळ खिशात टाकायला हवं.

पण बोट सरकारकडे दाखवून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या घरातलंही बोलू. आपल्याकडे दहा-बारा वर्षांची पोरं 'काम शिकेल' म्हणून गॅरेजवर बसवली गेली, त्यांची शाळा सुटली. त्याला परंपरा म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं आज सरळ गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. दुसरं, आपले उस्ताद हात राखून शिकवतात. शागीर्दाने पाच वर्षं पाने पुसावेत, पाहून पाहून जे कळेल ते उचलावं, कारण विचारू नये. 'हात लावू नको' असं चाचांनी सांगितलं होतं, पण का लावू नको, ते सांगितलं नव्हतं. कारण माहीत असतं तर त्या पोराला मला उत्तर देता आलं असतं. 'साहेब, आत ऑइल उतरतंय, आता जोर लावला तर तुटेल,' एवढं एक वाक्य त्याच्याकडे असतं, तर माझी पुढे बोलायची हिंमत झाली नसती. ज्ञान हे असं कमजोराच्या कामी येतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला ते बळ देतं.

फैजपूर जवळच आहे

सावद्यापासून थोड्याच अंतरावर फैजपूर आहे. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि खेड्यातल्या हातांनी ते उभं करावं हा गांधीजींचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. हाताच्या कामातून शिक्षण कसं द्यायचं, याचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन, जे पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. हस्तकला हा शाळेतला फावला तास नसावा, गणित-विज्ञान-समाजशास्त्र त्यातूनच शिकवावं, हा 'नई तालीम'चा गाभा होता.

ती योजना पुढे मागे पडली. तिच्यात उणिवाही होत्या. पण तिचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. आपण हात आणि पुस्तक यांची ताटातूट केली. शाळेतल्या मुलाला धातूंच्या प्रसरणाचा धडा असतो, तो पाठ करतो आणि विसरतो. गॅरेजमधला पोरगा रोज प्रसरण वापरतो, पण त्याला त्याचं नाव माहीत नसतं. माझ्या गाडीच्या त्या एका बोल्टमध्ये गंजाचं रसायन होतं, घर्षण होतं, तरफेचं गणित होतं, उष्णता होती, आमच्या भूजलाचा भूगोलही होता. फैजपूर-सावद्याच्या शाळांनी महिन्यातून एक दिवस नववीची मुलं एखाद्या गॅरेजवर नेली, चाचांना त्या दिवसाचं मानधन दिलं, तर काय बिघडेल? चाचा दाखवतील, सर कारण सांगतील. हाताखालच्या पोरांनाही त्या वेळी बाजूला उभं राहून ऐकू द्यावं.

त्या दिवशी पुढे काय झालं

तुटलेला दांडा काढायला चाचांना साडेतीन तास लागले. मधोमध खूण पाडून बारीक ड्रिल मारलं आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावून पाहिला. तो तुटायची भीती वाटली तसे ते थांबले. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर त्यावर साधं ड्रिलही चालत नाही. मग शेजारच्या वेल्डरला बोलावून दांड्याच्या टोकावर नट वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच आतली पकड सुटली. नट थंड होऊ दिला, पाना लावला, पुढे-मागे, पुढे-मागे केलं आणि दांडा बाहेर आला. चाचांनी टॅप फिरवून आटे साफ केले, नव्या बोल्टला बोटभर ग्रीस लावलं आणि रेडिएटरमध्ये कूलंट भरलं. "बोअरचं पाणी ओतलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका," म्हणाले.

रेल्वे चुकली होतीच. पैसे देताना मी चाचांना खरं सांगितलं. म्हटलं, पाइप मी लावायला सांगितला होता.

चाचा म्हणाले, "मला माहीत होतं. त्या पोरात पाइप लावायची हिंमत नाही. ती गिऱ्हाईकाचीच असते."

"मग त्याला का बोललात?"

"तुम्हाला बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या गॅरेजला गेला असता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेतीन तासांची मजुरी मी त्यांनी सांगितली तेवढी दिली, सकाळचे शंभर रुपये परत केले. पोरगा तेव्हा कोपऱ्यात पाने पुसत होता. त्याला चाचांसमोर सांगितलं की चूक माझी होती. तो फक्त "बरं" म्हणाला आणि पाने पुसत राहिला. चार लोकांत झालेलं बोलणं दोन लोकांत भरून निघत नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून हे इथे, चार लोकांत लिहितो आहे. तुमची गाडी कुठल्या शेडखाली उभी असेल आणि मिस्त्री पाना खाली ठेवून म्हणाला, "तासाभराने बघू," तर तो काम टाळत नाहीये, काम करतो आहे. त्या तासाचेही पैसे द्या. आणि त्याच्या हाताखालच्या पोराला काही सांगायची इच्छा झालीच, तर चहा सांगा.